थोरल्या बाईसाहेबांच्या उडीची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून आणि ओलाव्यास वंदन करून हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, भाद्रपदमासी, झऱ्याकाठच्या एका दगडावर, शेवाळात, उड्या भुंगेऱ्यांची दौलत नांदत होती. एकेक असामी खसखशीहून थोर, मोहरीहून लहान; पंख नाहीत, परंतु मागल्या मांड्या ऐशा की पैलवानाने लाजावे. राज्यावर थोरल्या गजराबाईसाहेब. त्यांची एक मांडी कोळ्याशी जाहलेल्या लढाईत खर्ची पडली, तेणेकरून उडी कायमची बंद जाहली. रुबाब मात्र तिळभर उणा नाही. आणि दरबारचा रिवाज ऐसा की, थोरल्यांनी उडी घेतल्यावाचून धाकट्यांनी घेऊ नये. रिवाज मोठा देखणा, पण एक दिवस गळ्याशी यावयाचा तो आलाच.

जाहले ऐसे की, भर दुपारी सूर्य आड जाहला, आणि पाहतात तो एक महाकाय विद्वान, डोळ्यास भिंग लावून, हाती काचेची नळी घेऊन दगडाकडे वाकत आहेत. शेजारच्या दगडावरील भाऊबंद त्याच नळीत गेले ते परतले नाहीत, हे सर्वांस ठाऊक. दरबाराची पाचावर धारण बसली. सारे बाईसाहेबांकडे पाहत उभे, आणि कोणी हलेना. मग सरलष्कर उडोजीराव यांणी अर्ज केला की, आपण माझे पाठीवर बसावे. तो बाईसाहेबांनी डोळे वटारिले, की आजवर कोणाचे पाठीवर बसलो नाही, आज काय म्हणून बसावे. नळी आणखी खाली आली. मग बाईसाहेब तुरुतुरु शेवाळाच्या पानाच्या कडेस गेल्या, उरले पाय आखडून घेतले, आणि सरळ खाली पडल्या. यास उडी म्हणावे की पडणे, ऐसा शास्त्रार्थ आमच्या शहाण्यांनी तेथेही मांडिला असता, इतक्यात खालून आवाज आला, "मेल्यांनो, थोरल्यांची उडी जाहली. आता तुम्ही उडा."

मग काय पुसता, डोळ्याचे पाते लवते न लवते तो अवघा दगड रिकामा. विद्वानांनी भोके पडलेली पाने न्याहाळिली, कंबर धरून उठले आणि सोबत्यास म्हणाले, "चला, इथे काही नाही."

बाईसाहेब शेवाळाचे गादीवर पडल्या होत्या, खरचटलेही नाही. त्यांणी उडोजीरावांस मानाचे कोवळे पान दिधले आणि त्यातील अर्धे आपणच खाल्ले. तेव्हापासून सणावारी धाकटी मंडळी हौसेने पानावरून खाली पडतात, त्यास बाईसाहेबांची उडी म्हणतात.

सारांश, विद्वानांच्या मुलखी या जमातीस नाव ना गाव. दौलतीने 'इथे काही नाही' हेच बिरुद शिक्क्यावर कोरिले, आणि त्या शिक्क्याच्या छायेत सर्व मंडळी शेवाळ खाऊन सुखरूप आहेत.