नानांचे पत्ते मला दिसतात!

पत्त्यांत मला हरवेल असा माणूस अख्ख्या जळगावात नाही, हे आधीच सांगून ठेवतो! आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तीन पत्ती बसली की लोक माझा चेहरा वाचायला बघतात आणि हात टेकतात. हातात तीन एक्के असोत की नुसता कचरा, चेहरा तोच! त्यामुळे यंदा आखाजीला सासरी निघालो तेव्हा मी बसमध्येच बायकोला सांगून टाकलं, "नूतन, यंदा तुझ्या वडिलांना रडवतो की नाही बघ!"

"हळू बोला," नूतन म्हणाली. "बसमध्ये शिरपूरची माणसं असतील. नानांच्या कानावर जाईल."

मी पटकन मागे वळून बघितलं. सवय हो, दुसरं काय! घाबरलो बिबरलो नव्हतो.

नाना म्हणजे माझे सासरे, सुकदेवनाना. शिरपूरजवळ तापीकाठी त्यांची केळीची बाग आहे. आवाज असा, की अंगणातून त्यांनी "कोण आहे रे?" म्हटलं की घरातला माणूस स्वतःलाच विचारतो, खरंच, आपण कोण? माझ्याशी ते जावई म्हणून शुद्ध मराठीत बोलतात. संतापले की मात्र अहिराणीवर येतात. लग्न झाल्यापासून माझ्यावर अहिराणीची वेळ आली नव्हती, आणि येऊ नये म्हणून मी त्यांच्यासमोर शिंकतसुद्धा नाही.

आता आमच्या खानदेशातली आखाजी, म्हणजे तुमची अक्षय तृतीया. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके टांगतात, ताटात मांडे आणि आमरस असतो आणि पुरुषांना दिवसाढवळ्या पत्ते कुटायची सूट! एरवी पत्त्यांचं नाव काढलं तरी घर डोक्यावर घेणाऱ्या बायका त्या दिवशी स्वतः सतरंजी अंथरून देतात. पण नानांच्या घरी पैसे लावत नाहीत. सासूबाईंचा तसा हुकूमच आहे. तिथे शब्द लावतात. शेवटच्या डावात उरलेल्या दोघांपैकी जो हरेल त्याने जिंकणाऱ्याचा एक शब्द पाळायचा, म्हणजे पाळायचाच! गेल्या वर्षी नानांचे चुलतभाऊ निंबाभाऊ हरले, तर त्यांच्या झुपकेदार मिशा त्याच संध्याकाळी गेल्या. बिचाऱ्यांनी अजून वाढवलेल्या नाहीत.

जेवताना मी तिसऱ्यांदा आमरस घेत होतो आणि सासूबाईंनी विषय काढला. ताईबाई म्हणतात त्यांना. अंगाने एवढ्याशा, आवाज मऊ. चेहऱ्यावर सतत हसू.

"यंदाचा शब्द मी ठरवलाय बरं का," त्या म्हणाल्या. "जावईबापू हरले, तर जळगावची नोकरी सोडायची आणि इथे येऊन राहायचं. एकुलती एक पोरगी आमची, डोळ्यांपुढे राहील. बागेला घरचं माणूस होईल. आणि जावईबापू जिंकले, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. काय हो, बरोबर ना?"

"बरोबर," नाना ताटात बघत म्हणाले.

आमरस माझ्या घशात अडकला! एसीखाली बसणारा माणूस मी. केळीचं आणि माझं नातं फळवाल्याच्या गाडीपुरतं. हात धुवायला उठलो तशी नूतनने मला मागच्या दारात गाठलं.

"मला नाही इथे राहायचं हं! माझं पार्लर आत्ता कुठे चालायला लागलंय!"

"मग सांग ना आईला."

"मी? आईला?" तिने असं बघितलं की जणू मी तिला विहिरीत उडी मारायला सांगितली. "तुम्ही जिंका. बस्स!" आणि गेली झोक्यावर गाणी म्हणायला.

माजघरात सतरंजी पडली. नाना, निंबाभाऊ आणि मी. माझ्या गुडघ्याशेजारीच आखाजीची घागर मांडलेली. त्या दिवशी घरोघरी पितरांसाठी पाण्याची घागर पुजतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. नानांनी पत्ते पिसले, घागरीला टेकवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, आज आपले बापजादे घरात आलेत. खेळात लबाडी झाली तर ते बघून घेतात."

"हो हो! घ्यायलाच पाहिजे!" मी म्हणालो. काही कारण नसताना मला घाम फुटला.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच डावात घात झाला. नानांचं हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पत्ते नीट दिसावेत म्हणून त्यांनी हात लांब करून ते खिडकीच्या उजेडाकडे तिरपे धरले. आणि खिडकीच्या बाजूला बसलो होतो मी! बदाम राजा, चौकट पंजी, इस्पिक तिर्री. लख्ख!

एक क्षण मला असा आनंद झाला म्हणून सांगू! वाचलो! नोकरी वाचली, पार्लर वाचलं! दुसऱ्याच क्षणी घागरीकडे लक्ष गेलं. हे लबाडीत बसतं का? मी काही डोकावलो नव्हतो. पत्तेच माझ्याकडे बघत होते!

मी निंबाभाऊंना हळूच विचारलं, "भाऊ, समजा, समोरच्याचे पत्ते आपल्याला चुकून दिसले, तर?"

"एकदा सांगायचं," निंबाभाऊ म्हणाले. "सांगूनही त्याने झाकले नाहीत तर आपण काय डोळे फोडून घ्यायचे का?"

"आणि सांगितलंच नाही तर?"

"मग ती चोरी!"

"कोणाचे पत्ते दिसले?" नानांचा आवाज आला.

"कोणाचेच नाही! सहज! आमच्या ऑफिसात एकदा झालं होतं तसं!"

झालं! सांगायची एक संधी आली होती ती मी स्वतःच्या हाताने घालवली. पुढच्या डावाला पुन्हा तेच. नानांचे पत्ते माझ्या नाकासमोर! मी सगळं बळ एकवटलं.

"नाना, पत्ते जरा... छातीजवळ धरता का?"

नाना म्हणाले, "का? माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"डोळ्यांना काही नाही हो! डोळे एकदम झकास आहेत!"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा मऊ आवाज आला, "जावईबापू, ह्यांच्या डोळ्यांवर नका बोलू. मनाला लागतं त्यांच्या." आणि आवाजापाठोपाठ सासूबाई स्वतःच हातात पंखा घेऊन आल्या आणि नानांच्या पलीकडे भिंतीला टेकून बसल्या. म्हणजे आता त्यांच्यादेखत सांगायचं!

मी जागा बदलली. भिंतीकडे सरकलो. नानाही सरकले! "उजेड जातो," म्हणाले. मी मान खाली घातली. नानांनी हात खाली घेतला! शेवटी मी डोळेच मिटून घेतले.

"काय झालं हो जावईबापूंना?" सासूबाई किंचाळल्या. "डोळे मिटताहेत! ऊन लागलं! बसमधून आलेत ना एवढ्या उन्हाचे!"

"नाही, मी बरा आहे."

"ऊन लागलेला माणूस असंच म्हणतो!" निंबाभाऊ म्हणाले. मग काय! माझ्या खिशात कांदा आला, डोक्यावर ओला पंचा आला, तोंडाला कैरीच्या पन्ह्याचा पेला लागला. पंचा डोळ्यांवर ओढून घ्यावा म्हटलं तर सासूबाईंनी तो मायेने वर सारला. "चेहरा मोकळा राहू द्या, वारा लागेल." आणि चेहरा मोकळा झाला की समोर नानांचे पत्ते!

"शेवटचा डाव," नानांनी जाहीर केलं.

निंबाभाऊंनी पत्ते बघताच टाकून दिले. मिशांचा अनुभव होता त्यांना. राहिलो नाना आणि मी. मी माझे पत्ते उचलले. किलवर सत्ती, अठ्ठी, नव्वी! ओळीने, एकाच रंगात! असे पत्ते माणसाला वर्षातून एखादे वेळी येतात. आणि नानांच्या हातात? न बघायचं ठरवूनही दिसलं. दोन गुलाम आणि एक दुर्री. साधी जोडी!

मी फक्त 'शो' म्हणायचं होतं. एक शब्द, आणि मी जळगावला परत!

पण तोंडातून तो शब्द निघेना! न बघता हेच पत्ते खेळलो असतो तर जिंकलोच असतो, मग बघितल्याने काय बिघडलं? असं मी स्वतःला समजावलं. मग निंबाभाऊंचं बोलणं आठवलं, 'मग ती चोरी!' समोर नानांचा चेहरा. आणि त्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेले भाव. भुवया वर, डोळे मोठे, मान हलते आहे. त्यांना कळलं! मी बघतोय हे नानांना कळलं! आता अहिराणी सुरू होणार, सगळ्या गावासमोर होणार आणि जावई पत्तेचोर म्हणून तापी ते गिरणा नाव होणार!

तेवढ्यात घागर डुगडुगली. मी शपथेवर सांगतो, आपोआप डुगडुगली! वरचं डांगर कलंडलं, गडगडत आलं आणि थेट माझ्या मांडीवर येऊन बसलं!

"पॅक!" मी ओरडलो आणि पत्ते टाकून दिले. "पॅक, पॅक, पॅक! मी हरलो!"

सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या. "पितरांनीच कौल दिला गं बाई!" म्हणत त्यांनी माझ्यावरून मीठ उतरवलं, तेच डांगर कापायला घेतलं आणि नूतनला ही आनंदाची बातमी द्यायला झोक्याकडे धावल्या. झोक्यावरचं गाणं मध्येच थांबलेलं मी इथून ऐकलं.

नानांनी माझे टाकलेले पत्ते उलटे करून बघितले. सत्ती, अठ्ठी, नव्वी. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"जावईबापू, चला. म्हशीला पाणी दाखवून येऊ."

संपलं, मी मनात म्हटलं. गोठ्यात शिरताच नानांनी दार ओढून घेतलं आणि सुरू झाले, तेही कुजबुजत, अहिराणीत!

"हाई काय कयं तुम्ही? असा पत्ता हातमा आनि पॅक? मी तुम्हले दखाडी राहींतू ना!"

"काय?"

"दाखवत होतो हो तुम्हाला!" नाना भानावर येऊन पुन्हा शुद्ध झाले. "सगळ्या डावांना दाखवत होतो, शेवटच्या डावाला तुम्ही घाबरू नये म्हणून! मीच पॅक केलं असतं, पण हातात जोडी आणि तुमच्या सासूबाई शेजारीच बसलेल्या! म्हणून भुवया उडवल्या, माना हलवल्या. शेवटी म्हटलं पायाने ढोसावं, तर पाय घागरीला लागला!"

मी म्हशीच्या गव्हाणीवर मटकन बसलो. "म्हणजे... मी इथे यावं असं तुम्हाला नको होतं?"

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. "तुम्ही माणूस चांगले, जावईबापू. पण मागं तुम्ही एकदा बाग बघायला आलात, आणि तण म्हणून केळीची नवी रोपं उपटून बांधावर नीट रचून ठेवलीत. मी तेव्हा काही बोललो नाही. मनी बाग शे ती! माझी, दोन पिढ्यांची बाग!"

"मग आईंना स्पष्ट सांगायचं होतं ना!"

नानांनी दाराच्या फटीतून अंगणात बघितलं. ज्या माणसाला शिरपूरच्या बाजारात व्यापारी टरकतात, तो माणूस माझ्याजवळ सरकून म्हणाला, "तुम्ही सांगता का?"

"मी? नाना, शेवटी तुमची बायको आहे!"

"म्हणून तर!"

शेवटी दोघांनी मिळून जायचं ठरलं. मी सुरुवात करायची, नानांनी माझी बाजू उचलून धरायची. छाती काढून आम्ही ओसरीवर आलो. सासूबाई डांगराच्या फोडींवर साखर भुरभुरवत होत्या. वर बघून हसल्या. "काय खलबतं चालली होती सासरे-जावयाची?"

मी नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग नाना घसा साफ करून मोठ्याने म्हणाले, "काही नाही. जावईबापू विचारत होते, कधीपासून येऊ?"

तर मंडळी, सध्या माझा मुक्काम शिरपूरजवळ तापीकाठी असतो. नूतन शनिवारी येते, रविवारी जाते आणि मधल्या वेळात माझ्याशी बोलत नाही. सासूबाई खूश आहेत. शेजारणीला रोज सांगतात, जावई आल्यापासून ह्यांच्या जिवाला केवढी विश्रांती! खरं सांगायचं तर मला काम फार नसतं. सकाळी नाना मला बागेत घेऊन जातात, बांधावरच्या निंबाखाली खाट टाकून देतात, पाण्याचा तांब्या ठेवतात आणि हात जोडून एकच विनंती करतात, "जावईबापू, संध्याकाळपर्यंत इथून हलू नका, आणि कशालाही हात लावू नका!"