सर्व्हरच्या पत्तापालटाची हकीकत

यंत्रशाळेच्या कारभाऱ्यांचा खलिता येऊन तीन आठवडे जाहले आणि उत्तर गेले नाही. मजकूर ऐसा की, आपला सर्व्हर आमचे शाळेत आहे, त्याचा जुना आयपी पत्ता महिनाअखेर दुपारी बारास बंद होईल, तत्पूर्वी नव्या पत्त्यावर दाखल व्हावे आणि तैसे लिहून कळवावे, न कळविल्यास यंत्र बेवारस समजोन पुसले जाईल. श्रीमंत आबासाहेब, निवृत्त ग्रंथपाल, पुस्तकांत शूर आणि माणसांत भिडस्त, यांनी उत्तराचे सात मसुदे केले आणि आपले काही चुकत असावे ऐसे वाटोन सातही फाडले.

त्या सर्व्हरात ऐवज काय, तर दृष्टी गेलेल्या चाळीस असामींसाठी आबासाहेबांनी स्वमुखे वाचोन ठेविलेली दोनशे अकरा पुस्तके. दुसरी प्रत कोठेही नाही.

अखेरचा दिवस उजाडला. आबासाहेबांनी जेवणाच्या मेजावर लॅपटॉप मांडिला आणि थोरल्या भगिनी अक्कासाहेब, त्या चाळिसांतील एक, फोनवर रुजू जाहल्या. त्यांनी हुकूम फर्माविला, "अरे, माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलंय. ते घालवलंस तर तुझ्याशी बोलणं बंद!"

"अक्का, एवढं सुख माझ्या नशिबी कुठलं?"

मसलत बिकट होती. किल्ला शेकडो कोस दूर आणि जुना पत्ता हाच एक दरवाजा. आत उभे राहोन तोच दरवाजा हलवावयाचा, आणि एक अंक चुकल्यास आपण बाहेर व किल्ली आत. सबब आबासाहेबांनी यंत्रास आगाऊ ताकीद दिली की, दहा मिनिटांत आम्ही ही ताकीद मागे न घेतल्यास जुना पत्ता आपणहोऊन परत धरावा. मग अंक तीन वेळा मोठ्याने वाचिले आणि अकरा वाजोन वीस मिनिटांनी एंटर दाबिला. पडदा थिजला. मग दुसरी खिडकी उघडोन नव्या पत्त्यावर चाल केली, आणि आत प्रवेश जाहला! हर्षाच्या भरात त्यांनी अक्कासाहेबांस शेवटचे प्रकरण लावोन दिले.

नायिका पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली आणि साडेअकरास आवाज बंद पडला.

"काय रे, मेली का ती?"

"नाही गं. ताकीद मागे घ्यायची राहिली. यंत्रानं माझाच हुकूम पाळला."

"घरात तेवढं एकच ऐकणारं निघालं म्हणायचं!"

 मग आबासाहेबांनी जुन्याच दरवाजाने पुन्हा आत शिरोन, ताकीद पुन्हा लावोन, पत्ता पालटिला आणि नव्या दरवाजाने आत येताच प्रथम ताकीद रद्द केली. मग हाताची घडी घालोन घड्याळाकडे पाहत बसले. दहा मिनिटे गेली, अकरावे गेले, किल्ला ढळला नाही.

बारास सहा मिनिटे उरली. आबासाहेब मसुद्यास बसले आणि मायना खोडोन पुन्हा लिहू लागले. तो अक्कासाहेब कडाडल्या, "तू पुन्हा खोडतोयस! मला दिसत नाही, पण ऐकू येतं. पाठव!"

येणेप्रमाणे, नवा पत्ता फत्ते करोन, अकरा वाजोन अठ्ठावन्न मिनिटांनी, "दाखल झालो, यंत्र आमचेच आहे, उशीर माझा," इतकेच लिहोन, मायन्याविना, शुद्धलेखन न तपासता, उत्तर रवाना जाहले.