शेवटचं कौल

साळवेमामा कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघायचे. नमस्कार नंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा दारातच मान वर करून उभे राहिले. माझी बायको मालती "या, बसा" म्हणतेय, आणि हे म्हणतात, "पंख्याच्या हुकाजवळ ओल आहे, वहिनी. वरची गच्ची बघून घ्या." मालतीला वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे. मलाही तेच वाटलं, पण पंख्याखालची खुर्ची मी हलवली.

मामा मूळचे नगरकडचे. रेल्वेच्या वर्कशॉपात सुतार म्हणून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. रिटायर झाले, पाठोपाठ बायको गेली. तेव्हापासून नल्लकुंट्यात, आमच्या पलीकडच्या गल्लीत एकटेच राहायचे. दर शनिवारी चर्चमधली चार माणसं घेऊन आसपासच्या कुणा ना कुणा गरजवंताचं घर दुरुस्त करायचं, हा त्यांचा नेम. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, फक्त छप्पर बघायचं. गल्लीत कुजबुज होती की हे लोक आज कौलं बदलतात, उद्या देव बदलतील. कुजबुजणाऱ्यांत मीही होतो, आता लपवून काय उपयोग?

कामात मामा कडक. कुणी घाई केली की म्हणायचे, "नक्को. पावसाला भोक शोधायला लई टाइम असतो." कुणी आभार मानले की "हौ हौ" म्हणून हातोडी पिशवीत टाकायचे. आणि एक नियम होता. शेवटचं कौल घरच्या माणसानंच बसवायचं. "नाहीतर ते घर आमचं होतं," म्हणायचे, "त्यांचं राहत नाही."

एके साली आमच्याकडे रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग केबल. आम्ही दोन चॅनेलवर वाढलेली माणसं. एकदम डझनभर म्हटल्यावर माझं डोकं जाग्यावर नव्हतं. वायर आमच्या गच्चीपर्यंत आणायला केबलवाला शेजारच्या यादम्माच्या कौलांवरून चालत आला. यादम्मा म्हणजे इस्त्रीचा गाडा लावणारी म्हातारी, मागेपुढे कुणी नाही. मी गच्चीतच उभा होतो. त्याच्या पायाखाली कौल फुटल्याचा आवाज मी ऐकला. एकदा नाही, तीनदा. तेव्हा मी त्याला काय विचारलं असेल? "चित्र स्पष्ट येईल ना?"

पावसाळा लागला तसं यादम्माच्या घरात गळायला लागलं. तिच्या अंथरुणावर, आणि लोकांच्या इस्त्री केलेल्या कपड्यांवर. कपडे डागाळले, गिऱ्हाइकं तुटायला लागली. तिचं पोट त्या गाड्यावर होतं. तिची रडारड मला भिंतीपलीकडून ऐकू यायची, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

शनिवारी मामा माणसं घेऊन आले. शिडी आमचीच मागितली. मी ती मोठ्या थाटात दिली, जोडीला खालून सूचनाही दिल्या. मामांनी फुटकी कौलं काढली. ती आमच्या गच्चीच्या दिशेनं एका ओळीत फुटली होती, आणि वर केबलची वायर. मामांनी वायरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मांजरं फार झालीत या भागात," ते म्हणाले.

"हो ना," मी म्हणालो. "फार त्रास आहे त्यांचा."

शेवटचं कौल उरलं. यादम्माला काही शिडी चढवेना. मामांनी वरून हाक मारली, "जोशीसाहेब, या. शेजारी म्हणजे घरचेच." मी चढलो. मामा अगदी जवळ बसले होते, मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारखे. मी नजर कौलावरच ठेवली. कौल बसवलं आणि उतरलो. यादम्मानं मला हात जोडले, चहा दिला. तो मी प्यायलो. निर्लज्जपणा किती, तर बिस्किटही खाल्लं.

चार दिवस कसेबसे काढले. टीव्ही लावला की कौल फुटल्याचा आवाज यायचा. लाज वाटत होती, पण सांगायची त्याहून जास्त वाटत होती. पाचव्या दिवशी इस्त्रीच्या गाड्यापाशी गेलो आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत सगळं सांगून टाकलं. केबल माझी, मी बघत होतो, मी गप्प बसलो. वायर रस्त्याच्या बाजूनं घेतो, असंही म्हणालो.

यादम्मानं इस्त्री उभी करून ठेवली. "ठाऊक आहे बाबू," ती म्हणाली. "मी घरातच होते की. मांजर चपला घालून चालतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"गळायला लागलं तेव्हा भांडायलाच निघाले होते. साळवे सार नको म्हणाले. माणूस वाईट नाही, आपण होऊन सांगेल, थोडं थांब, म्हणाले. रोज संध्याकाळी येतात, विचारतात, आला होता का? नाही म्हटलं की खाली मान घालून जातात."

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आले. तिच्याकडूनच आले असणार. दारात उभे राहिले, आणि छताकडे त्यांनी बघितलंच नाही. माझ्याकडे बघून हसले.

"वहिनी, चहा टाका," म्हणाले. "आज घरी जायची घाई नाही. तशी रोजच नसते."

मालतीनं चहा टाकला. मामा माझ्या समोर बसून राहिले, आणि मला काही केल्या वर बघता येईना.