परगावच्यांचं बाकडं

ज्या वर्षी अँब्रोज थिबोच्या बहिणीचं लग्न ऐन मेपलच्या झाडांचा रस काढून पाक आटवायच्या हंगामात निघालं आणि निम्मे वऱ्हाडी पाकाच्या चुलाण्यापाशीच अडकून पडले, त्याच वर्षी, म्हणजे १९८४ च्या मार्चात, अँब्रोजने आपल्या राज्यशास्त्राच्या वर्गाची गावसभा करून टाकली.

"यंदा माझ्या वर्गात एकही जण मुका राहणार नाही," त्याने बायकोला ठणकावून सांगितलं.

"तुझी नोकरी राहते का, ते आधी बघ," लुसील म्हणाली.

तिचंही खोटं नव्हतं. कॉलेजच्या डीन हेझल्टनबाई गुरुवारी वर्ग बघायला येणार होत्या. त्यांना तो पटला नाही, तर अँब्रोजचा करार तिथेच संपणार होता.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या माणसाला गावसभा शिकवावी लागत नाही; तिथे दर मार्चातल्या पहिल्या मंगळवारी अख्खं गाव जमून आपला कारभार ठरवतं. जो गावचा त्यालाच मत आणि त्यालाच तोंड. परगावच्याने बाजूच्या बाकड्यावर बसायचं आणि सभेने परवानगी दिल्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही. वर्गाने हे सगळं जसंच्या तसं उचललं. बदल एकच केला. मत द्यायला उभं राहायचं नाही, हात वर करायचा; कारण अध्यक्ष म्हणून निवडलेली नोरीन चाकांच्या खुर्चीत बसायची.

गुरुवारी ठराव आला, तोंडी परीक्षा सक्तीची असावी का. आणि एल्डन उठला. हा गवळ्याचा पोरगा बोलताना अडखळायचा, म्हणून वर्गात कधी बोललाच नव्हता.

"मला असं वा... वा... वा..."

"वाटतं," मागून हेझल्टनबाईंनी मदत केली.

एल्डनचे कान लालबुंद झाले. तो सावकाश नोरीनकडे वळला.

"अध्यक्ष, माझी ह... हरकत आहे. बाई प... परगावच्या आहेत."

"मान्य," नोरीन म्हणाली. "बाई, तुमचं नाव हजेरीपटावर नाही. बाकड्यावर बसा. एल्डनचं झालं की तुम्हाला बोलू द्यायचं का, ते सभा ठरवेल."

उतू चाललेल्या पाकासारखी आपली नोकरी चुलीत जाताना अँब्रोजला दिसली. तो घाईने मधे पडला.

"अरे, बाई पाहुण्या आहेत. जरा सांभाळून..."

"सर, पटावर नाव तुमचं तरी कुठे आहे?" नोरीन म्हणाली. " तुम्ही नुसते हजेरी घेणारे. सरका, बाकड्यावर दोघांची जागा आहे."

मग ते दोघे शाळेत शिक्षा झाल्यासारखे शेजारी शेजारी बसले.

आणि एल्डन बोलला. एकेका शब्दाशी तो झगडत होता, अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढावं तसा प्रत्येक शब्द ओढून काढत होता. कोणी खोकलं नाही. कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. "म... मला बोलायला लावू नका," तो म्हणाला, "प... पण मी बोलायला लागलो, तर थांबा." बाहेर छपरावरून बर्फ घसरून पडलं, तेव्हाही कोणाची मान वळली नाही. अँब्रोज बारा वर्षं लोकशाही शिकवत होता. ती एवढी जवळून तो आजच बघत होता, तीही बाकड्यावरून.

"आता बाईंना बोलू द्यायचं का?" नोरीनने विचारलं.

पहिला हात एल्डनचा वर गेला. मागोमाग सगळ्यांचे.

हेझल्टनबाई उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांना शब्द कमी पडला नव्हता. "मला काही म्हणायचं नाही," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दारात अँब्रोज हळूच म्हणाला, "बाई, माझा करार..."

"होईल," बाई म्हणाल्या. "पण थिबो, त्या बाकड्यावर उशी टाक."

पुढे एल्डन खऱ्या गावसभेचा अध्यक्ष झाला. त्याच्या सभा लांबायच्या आणि कोणी कुरकुरायचं नाही. अँब्रोजच्या अंत्यविधीला म्हाताऱ्या हेझल्टनबाई काठी टेकत पुढे आल्या, पण बोलायला लागल्या नाहीत. "मी परगावची," एवढंच म्हणून त्या थांबल्या. पहिल्या रांगेतून एल्डनचा हात वर गेला, आणि मग चर्चमधल्या सगळ्यांचे.

अँब्रोज थिबो १९९७ च्या मार्चात, गावसभेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी वारला.