चपलांची तोंडं रस्त्याकडे

रविवार, संध्याकाळी पाच. जागा: सुमनआक्कांच्या घरचा पुढचा सोपा (ओसरी). हजर: सुमनआक्का (घरमालकीण), समोरचे बाळूआप्पा, शेजारच्या मंगलवहिनी आणि मी शैला, बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीच्या मंडळाची सेक्रेटरी. गैरहजर कोणीच नाही, कारण आक्कांनी भजी तळली होती. विषय: जपानहून येणाऱ्या दोन पाहुण्या.

बैठक संपवून बाहेर आलो तर पायरीवर आमच्या चपला एका रांगेत मांडलेल्या. टाचा घराकडे, तोंडं रस्त्याकडे.

"बघा," बाळूआप्पा म्हणाले, "आक्का तोंडानं बसा म्हणत्यात आणि चपलांस्नी सांगून ठेवत्यात, ह्यांना घालवा."

"जपानात असंच असतंय," आक्का म्हणाल्या. "पाहुण्याला जाताना वाकून फिरून पाय घालाय लागू नये. मान असतोय तो."

आक्का जपानला कधी गेलेल्या नाहीत. माहेर निपाणी, सासर वडगाव, नोकरी प्राथमिक शाळेत मास्तरीण, सहल गोकर्णापर्यंत. पण मुलगी पल्लवी शिकायला तिकडे गेली आणि दर रविवारी फोनवर दिसू लागली. तिच्या खांद्यामागून आणखी एक गोल, हसरा चेहरा डोकावायचा. ती मारिबेल, पल्लवीच्या खोलीत राहणारी. ती फिलिपाइन्सची, तीही शिकायलाच आलेली. पल्लवी कमी बोलणारी. तिकडची हकीकत सांगायची ती मारिबेलच. इंग्रजी अर्धं, पल्लवीनं शिकवलेलं आमचं बेळगावी मराठी अर्धं, उरलेलं हातवारे. कोणत्या वारी कोणता कचरा, रेल्वेत कसं गप्प बसायचं, दुकानात सुटे पैसे ताटलीत कसे ठेवायचे. आक्का ऐकायच्या आणि सोमवारपासून गल्लीत लागू करायच्या.

निपाणीच्या बसमध्ये त्यांनी मोबाइलवर मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला गप्प केलं. कंडक्टर म्हणाला, "आक्का, ही गाडी निपाणीला जात्या. जपानची त्या पलीकडच्या फलाटावर." दुधाच्या पिशव्या त्या धुऊन, वाळवून, दोऱ्यानं गठ्ठा बांधून देतात. कचरागाडीवाला म्हणतो, "तुमचा कचरा आमच्या घरापेक्षा स्वच्छ हाय, आक्का. टाकाय जीव होत न्हाय." आक्का त्याला कमरेत वाकून नमस्कार करतात. तोही आता वाकतो. मागे थांबलेले रिक्षावाले हॉर्न वाजवतात.

चपलांचं प्रकरण मात्र एकदा गळ्याशी आलं. बाळूआप्पांच्या पुतणीला बघायला उचगावची मंडळी आली होती. पोहे झाले, प्रश्न झाले, सगळं जमत आलं होतं. मुलाचे मामा तंबाखू थुंकायला म्हणून दारात गेले आणि तिथंच थबकले. सगळ्या पाहुण्यांच्या चपला तोंडं बाहेर करून मांडलेल्या, जणू निघायचाच हुकूम.

"म्हंजे काय? उठा म्हणताय व्हय आमाला?"

आक्का पुढं झाल्या. "तसं न्हवं हो. जपानात..."

"आमी उचगावास्नं आलाव," मामा म्हणाले, "आणि जपानची पोरगी बघाय आल्यालो न्हाय."

लग्न ठरलं. पण याद्या करायच्या दिवशी बाळूआप्पांनी चपलांजवळ खुर्ची टाकून एक भाऊबंद राखणीला बसवला होता.

तर अशा आक्का. पल्लवी गेल्यापासून एकदाही घरी आली नव्हती. आता येणार, आणि मारिबेलला घेऊन येणार, म्हणून ही बैठक. मी कामं वाटून दिली. बाळूआप्पांनी मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची, तिथं सुरू करायची. मंगलवहिनींनी मिक्सर दार लावून फिरवायचा. पोरांनी क्रिकेट मैदानावर. "त्यांस्नी शांततेची सवय हाय," आक्कांनी बजावलं. बाळूआप्पा म्हणाले, "मोटारसायकल ढकलायचीच तर बैल घेतला असता की." पण ढकलली.

दोघी तिकडून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन आला. पल्लवीला नवीन नोकरीत रजा मिळाली नाही. मारिबेलचं तिकीट काढलेलं होतं. आक्कांनी फोन पदरानं पुसून ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. एक तरी येतीया न्हवं."

मी यादीतून एक गादी कमी केली. जाताना दारातल्या चपलांच्या फळीवर एक जोड दिसला, तोंड आत केलेला. बाकी सगळे रस्त्याकडे, हा एकच भिंतीकडे.

"आक्का, हा एक उलटा राहिला."

"ऱ्हाऊ दे. पल्लीचा हाय तो."

मारिबेल सांबऱ्याच्या विमानतळावर उतरली. पायात कापडी बूट, पाठीवर बोचकं. आक्का वाकल्या, ती वाकली, आक्का पुन्हा वाकल्या. सामानाच्या ढकलगाड्या अडल्या तेव्हा मी दोघींना बाजूला ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. आवाज अगदी खाली.

"शैलाआंटी, गल्लीत कोण मेलंय व्हय?"

मी खुलासा केला. ती ओट्याला टेकून हसत सुटली. मग म्हणाली, शांततेचा तिला वैताग आलाय. जपानात लोक चांगले. कुणी त्रास देत नाही, कुणी फसवत नाही. पण तू कुठं निघालीस, असंही कुणी विचारत नाही. एकदा तिनं गावाकडून आलेला सुका मासा तळला, तर दारावर चिठ्ठी लागली, फार सभ्य भाषेत, वासाबद्दल. तेव्हापासून तो मासा तसाच डब्यात.

हे मी आक्कांना सांगितलं. आक्का पक्क्या शाकाहारी. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी मंगलवहिनींना हाक मारली. "मंगल, तुझ्याकडं सुकट हाय? मागच्या दारात चूल मांड. मी पुढच्या सोप्यात बसते." त्या दिवशी गल्लीभर वास सुटला. कुणी चिठ्ठी लावली नाही. दोघंतिघं ताटली घेऊन आली.

बंदी उठली. बाळूआप्पांनी मोटारसायकल दारातच सुरू केली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मारिबेल साबण आणायला कोपऱ्यावर निघाली की प्रत्येक दारातून "कुठं चालली गं?" आणि ती प्रत्येकाला थांबून, साबणाचा रंगसुद्धा सांगायची. जेवणाच्या वेळेपर्यंत परतायची. सकाळीही तिला भातच लागतो, म्हणून आक्का रोज फोडणीचा भात करायच्या. ती आक्कांना 'नानाय' म्हणायची. तिच्या भाषेत आई.

आक्कांनी तिला निपाणीला नेऊन चामड्याच्या कापशी चपला घेऊन दिल्या, चालताना करकर वाजणाऱ्या. जपानात त्या घालून रेल्वेत कशी बसणार, हा प्रश्न मी विचारला. दोघींनी ऐकला नाही. नव्या चपला चावल्या. आक्का रोज जेवण झाल्यावर त्यांना तेल लावत बसायच्या.

निघायच्या सकाळी मी वेळेवर हजर होते. बॅगेचं वजन जास्त भरलं, म्हणून कापशी चपला बाहेर काढल्या आणि त्या मी कुरियरनं पाठवायच्या असं ठरलं. रिक्षा दारात. पायरीवर सगळ्यांच्या चपला शिस्तीत, तोंडं रस्त्याकडे. फक्त मारिबेलचे बूट आत तोंड करून ठेवलेले. मला वाटलं, गडबडीत चुकलं असेल. मी फिरवायला वाकले, तर मारिबेलनं माझं मनगट धरलं. जपानात एवढे दिवस काढलेली मुलगी. चपलांची भाषा तिला माझ्यापेक्षा चांगली येते.

तिनं बूट फिरवले नाहीत. तशीच उलटी उभी राहून, घराकडे तोंड करून ते घातले. आक्का दारात होत्या. या वेळी कुणीच वाकलं नाही. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा आक्का त्याला म्हणाल्या, "ओरडू नगो रं. जातीया की."

खोकं माझ्याकडे तयार आहे. पत्ता ठळक अक्षरांत लिहिलाय, चिकटपट्टी आणलीय. पहिल्यांदा चपला न्यायला गेले तर आक्का म्हणाल्या, "अजून तेल मुराय पायजे." पुढच्या खेपेला, "आज अमावास्या हाय." परवा म्हणाल्या, "जपानात थंडी असतीया आता, चामडं तडकंल."

फळीवर दोन जोड आहेत. पल्लवीचा, आणि शेजारी कापशी, तेलानं काळ्या पडलेल्या. दोन्ही भिंतीकडे तोंड करून.

चपलांचं पार्सल: बाकी.