सन्मान समितीची टकटक

रुग्णाचा सन्मान हा उपचाराचाच भाग आहे, आणि उपचार म्हटला की पद्धत आलीच. म्हणून त्या मोठ्या रुग्णालयाने सन्मान समिती नेमली. समितीत एकही रुग्ण घेतला नव्हता (रुग्णांना विश्रांतीची गरज असते). ठरलं असं, की सिस्टरने आधी दार वाजवावं, ओळख द्यावी, रुग्णाला काय म्हटलेलं आवडेल ते विचारावं, मग काय करणार ते समजावून सांगून होकार घ्यावा आणि त्यानंतरच हात लावावा. जनरल वॉर्डात खाटांना दारं नसतात, ही अडचण उशाजवळच्या लोखंडी कपाटावर टकटक करून सोडवण्यात आली. महिनाभरात सन्मान चाळीस टक्क्यांनी वाढला. (आधी किती होता, हे विचारणं शोभत नाही.)

खिडकीजवळच्या खाटेवरच्या हेडसरांना ही पद्धत भलतीच पसंत पडली. अख्खी हयात शाळेला शिस्त लावण्यात गेलेली. अजूनही मुलगा त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकत नसे. असा माणूस मांडीचं हाड मोडून उताणा पडला होता. मुलासुनेसमोर अब्रू जाऊ नये, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

त्या दुपारी भेटायची वेळ होत आली आणि सरांना जोराची लघवी लागली. त्यांनी घंटी दाबली. सिस्टर भांडं घेऊन धावतच आली. पण तिच्या पाठोपाठ समितीच्या बाईही आल्या, पाहणीला.

टक टक.

"नमस्कार. मी दुपारच्या पाळीची सिस्टर. आपल्याला काय म्हणू? सर, काका, आजोबा?"

"काहीही म्हण गं बाई, पण लवकर!"

"'काहीही' नाही चालत," समितीच्या बाई गोड हसल्या. "आपली निवड आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

"सर! सर म्हण!"

"सर, हे लघवीचं भांडं आहे. हे मी पांघरुणाखाली ठेवणार आहे. आपली काही हरकत..."

हरकत घ्यायला काही उरलंच नव्हतं. समितीच्या बाईंनी पाचपैकी पाच गुण दिले आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात दारातून मुलाचा आवाज आला. "बाबा, कसं वाटतंय?"

सिस्टरने टकटक केली नाही, की कुणाचा होकार घेतला नाही. तिने स्टुलावरचा पाण्याचा जग उचलला आणि सरळ सरांच्या पांघरुणावर उपडा केला.

"अगं बाई! हात सटकला बघा माझा," ती मोठ्यांदा म्हणाली. "जरा बाहेर थांबता का? चादर बदलते."

पडदा ओढून तिने भराभरा चादर काढली, सरांना पुसलं, कोरडे कपडे घातले. "पाणी फार गार नव्हतं ना हो?" तिने हळूच विचारलं. सरांनी नुसतीच मान हलवली.

पडद्याबाहेर मुलगा तापला होता. "हाड मोडलेला म्हातारा माणूस, आणि अंगावर पाणी ओततात! लक्ष कुठं असतं यांचं?"

"पेशंटला काही किंमतच राहिली नाही हल्ली," सूनबाई म्हणाली.

सरांना सगळं ऐकू येत होतं. पण खरं बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते गप्प बसले.

समितीने मुलाच्या तक्रारीची तातडीने दखल घेतली. सिस्टरला पुन्हा सन्मानाच्या प्रशिक्षणाला बसवण्यात आलं.

मुलाचं काही चुकलं असं कोण म्हणेल? मागे तुमच्या वडिलांच्या चादरीवरही एका सिस्टरच्या हातून पाणी सांडलं होतं, तेव्हा तुम्हीही तिला चांगलंच झापलं होतंत. आठवतंय ना?