पहिली सही सांबप्पाची

हातपंपाचा विषय निघाला, की पंचायतीच्या एकाच खिडकीच्या खोलीत नेमक्या तीन बिड्या पेटायच्या. सदस्य कमलबाईंना ठसका लागायचा. पदर तोंडाला लावून त्या बाहेर पळायच्या, आणि परत येईस्तोवर पंप दुसऱ्याच आळीला मंजूर! दोनदा असं झालं. त्यांची आळी मात्र आड शेंदून मेटाकुटीला आलेली.

"आधी ह्यो धूर काढते, मंग पानी आनते," म्हणत त्या 'पंचायतीत बिडी बंद' असा अर्ज घेऊन घरोघर फिरल्या. बायकांनी पटापट अंगठे उठवले. बाप्यांनी आधी दात काढले. पण घरात भाकरी कोण थापतं हे ध्यानात येताच तेही शाईत बोट बुडवू लागले.

नवल निराळंच होतं. अर्जावर पहिली सही सांबप्पाची! कमलबाईंच्याच आळीत राहणारा, पंचायतीसमोर दुकानात बिड्या विकणारा, फुकट काडीसुद्धा न देणारा सांबप्पा.

"आप्पा, तुमचंच गिऱ्हाइक तुटंल की!"

"तुटू द्या, वैनी. सही केली ना? मंग कामून इचारायल्या?"

ह्या बाबाच्या मनात शिजतंय तरी काय? कमलबाईंना भाकरी गोड लागेना.

अंगठ्यांचा गठ्ठा पाहून ठराव मंजूर झाला. पुढच्या बैठकीत सरपंच किशनरावांनी पुकारलं, "विषय दुसरा, हातपंप." तिघांचे हात सवयीनं खिशात गेले आणि तसेच थबकले.

"आलोच दोन झुरके मारून," म्हणत चंद्रभान उठला. मागोमाग उरलेले दोघं. तिघंही समोर सांबप्पाच्या ओट्यावर टेकले.

आत राहिले सातांपैकी चौघं. कायद्याला तेवढे पुरत होते. त्यातल्या मुंजाजीच्या आणि पंडितच्या तोंडात तंबाखूचा तोबरा.

"आमच्या आळीला पंप द्यायचा. हाय कुनाची हरकत?" कमलबाईंनी विचारलं.

"हूं," मुंजाजी.

"हूं हूं," पंडित.

"हरकत न्हाई म्हनायलेत. लिवा, सरपंच!"

तिघं परतले तेव्हा शाई वाळली होती.

संध्याकाळी कमलबाईंनी सांबप्पाचं घर गाठलं. "आप्पा, दोन झुरक्याला इतका येळ?"

"एक इझली की दुसरी मीच देत व्हतो. फुकट."

"तुमी? फुकट? आवं, कामून पन?"

सांबप्पानं मागं वळून पाहिलं. उंबऱ्यात त्याची बायको उमादेवी उभी होती आणि रिकामी घागर तिनं त्याच्याकडंच सरकवली होती.

"हिनं संक्रांतीपासून दोर हातात धरला न्हाई, वैनी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "आड मीच शेंदायलोय!"